हप्ते चालू, पोरं लहान आणि बी.ए.चा फॉर्म



मागच्या काही महिन्यांत बैठक आटोपली, सतरंजी गुंडाळली की कोणीतरी हळूच विचारतं, "मॅडम, माझी बारावी झालीय. पुढं शिकता येईल का?" आणि मी तोंड उघडायच्या आत तीच ताई पुढचं वाक्य बोलते, "पण हप्ते चालू आहेत."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हो, येतं. वयाची अडचण नाही, लग्न झाल्याची नाही, मुलं असल्याची तर अजिबात नाही. खरा अभ्यास आहे तो दुसऱ्या वाक्याचा. म्हणून या महिन्याचा पाठ त्यावर. वही-पेन घेऊन बसा, कारण मध्ये हिशेब आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. "आधी सगळं कर्ज फेडते, मग शिकते" असं म्हणणाऱ्या ताया मला खूप भेटतात. कर्ज शून्य होण्याची वाट बघितली तर तो दिवस सहसा उजाडत नाही. एक संपेपर्यंत दुसरं उभं राहतं. कधी बोअर आटतो, कधी म्हैस दगावते, कधी मुलाचं अॅडमिशन येतं. उलट "होईल बघू" म्हणत कुठूनही उचल करून फॉर्म भरणंही बरोबर नाही. मधला रस्ता आहे, पण तो प्रत्येकीच्या वहीतून निघतो. माझ्या सांगण्यातून नाही.

आधी कर्ज कागदावर उतरवा

नुसती रक्कम लिहून भागत नाही. प्रत्येक कर्जापुढे पाच गोष्टी लिहायच्या: कोणाचं, महिन्याचा हप्ता किती, किती हप्ते राहिले, व्याज कसं लावलंय, आणि हप्ता कोणत्या वारी किंवा तारखेला असतो. वार कशाला, ते पुढे सांगते.

समजा एक ताई आहे. नवऱ्याची मजुरी, तिची शिलाई आणि एका गायीचं दूध मिळून घरात महिन्याला सरासरी १४,००० रुपये येतात. खासगी फायनान्सचं ४०,००० चं कर्ज आहे, २४ हप्त्यांचं, हप्ता २,११५ रुपये, आणि त्यातले ९ हप्ते राहिलेत. बँकेने गटाला दिलेल्या कर्जातला तिच्या वाट्याचा हप्ता १,००० आणि गटाच्या अंतर्गत कर्जाचे ६००. बेरीज ३,७१५. ती म्हणते, "एवढंच आहे."

एवढंच नसतं. किराणा दुकानाची उधारी लिहायची राहते. समजा ती महिन्याला १,५०० रुपये फेडावी लागते. झाले ५,२१५, म्हणजे उत्पन्नाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त. सोनेतारण असेल तर त्याचं व्याज वर्षातून एकदा भरतात म्हणून तेही वहीत येत नाही. त्याला बाराने भागून महिन्याच्या रकान्यात टाका. कर्ज लपवायचंच असेल तर शेजारणीपासून लपवा, स्वतःच्या वहीपासून नको.

आता व्याजाचं. "फक्त बारा टक्के, ताई" असं कोणी म्हणालं की विचारायचं, फ्लॅट का घटत्या शिलकीवर? फ्लॅट म्हणजे तुम्ही अर्धं मुद्दल फेडलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच चालू राहतं. ४०,००० रुपये दोन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅटने घेतले तर व्याज होतं ९,६००. हेच घटत्या शिलकीच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ साडेएकवीस टक्के! आपल्या वरच्या ताईचं कर्ज घटत्या शिलकीवर २४ टक्क्यांचं आहे आणि तिचं दोन वर्षांचं व्याज पावणेअकरा हजारांच्या आसपास जातं. म्हणजे ऐकायला १२ आणि २४, खिशातून जाणाऱ्या रकमेत फरक फक्त हजार-बाराशेचा. आकडा ऐकून निर्णय घेऊ नका, एकूण किती परत द्यायचे ते विचारा.

रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्स कर्जाचे नियम एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे, त्यांना विनातारण दिलेल्या कर्जासाठी ते आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, असं त्यात म्हटलंय. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही. थकबाकी असली तरी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी तगादा लावता येत नाही. हे नियम तुमच्यासाठी आहेत, पाठ करून ठेवा. व्याज आणि खर्च यांचा तपशील असलेला कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत मागून घेण्याचा हक्कही तुमचा आहे.

फॉर्म आत्ता, की थांबून?

निम्मं ही रिझर्व्ह बँकेची मर्यादा झाली. शिकायला निघालेल्या बाईसाठी माझी मर्यादा त्याहून कडक आहे, एक तृतीयांश. हा काही सरकारी नियम नाही, फिल्डवर फिरताना बनलेलं माझं मत आहे. हप्ते आणि उधारी मिळून उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आत असतील तर याच वर्षी फॉर्म भरा. त्याच्या वर असतील, पण एखादं कर्ज वर्षाच्या आत संपतंय, तर त्यानंतरच्या प्रवेशाला भरा आणि मधला काळ तयारीला वापरा. निम्म्याच्या वर असतील तर आधी ग्रामसंघात बसून कर्जाचंच बोलूया.

आपल्या समजा-ताईचे नऊ हप्ते राहिलेत. नऊ महिन्यांनी २,११५ मोकळे होतील आणि महिन्याचं देणं ३,१०० वर येईल, म्हणजे पाव भागापेक्षा कमी. तिने तेव्हा फॉर्म भरावा.

पण तायांनो, खरी परीक्षा त्याच महिन्यात असते. शेवटचा हप्ता भरला की आठ दिवसांत फोन येतो, "ताई, तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे, साठ हजार पास झालेत, फक्त सही करायची." कितीतरी जणींचं शिक्षण या फोनवर थांबलेलं मी पाहिलंय. ते २,११५ रुपये कोणाचे, हे फोन येण्याआधीच ठरलेलं हवं. कर्ज बंद झाल्याचा दाखला हातात घ्या, आणि पुढच्या महिन्यापासून त्यातले ६०० अभ्यासाच्या नावाने पोस्टात आरडीला टाका. उरलेल्यातून उधारी संपवा.

६०० का, ते सांगते.

शिकायला पैसे किती लागतात

फीचा नेमका आकडा मी इथे देत नाही. तो अभ्यासक्रमाप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतो. त्या वर्षाची माहितीपुस्तिका बघा. हिशेब कसा मांडायचा ते मात्र दाखवते. समजा फी आणि परीक्षा शुल्क मिळून ३,७०० झाले. अभ्यासकेंद्रावर जाण्या-येण्याचे एसटीचे ६०० (मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, नाहीतर दुप्पट धरावे लागले असते). झेरॉक्स, फोटो, नेट रिचार्ज ५००. झाले ४,८००. इथपर्यंत सगळ्याजणी मांडतात. पण परीक्षेचे आणि संपर्कसत्राचे मिळून वर्षाचे आठ दिवस मजुरी बुडते. ३०० रुपये रोज धरला तर २,४००. तो खर्च खिशातून जात नाही म्हणून दिसत नाही, पण त्या आठवड्याच्या बाजाराला नक्की दिसतो. एकूण ७,२००. भागिले बारा, ६००.

हे पैसे एकदम लागतात ते प्रवेशाच्या वेळी. तेवढे जवळ नसतील तर कुठून घ्यायचे? गटातून. समजा ४,८०० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं, मुद्दल महिन्याला ४०० प्रमाणे बारा महिन्यांत फेडलं आणि गटाचा दर शेकडा एक असला, तर वर्षाचं व्याज होतं ३१२ रुपये. दर शेकडा दोन असेल तर ६२४. हेच गावातल्या माणसाकडून शेकडा पाचने घेतले आणि वर्षभर नुसतं व्याज देत राहिलात, तर २,८८० रुपये जातात आणि ४,८०० तसेच अंगावर राहतात. वर गटाला दिलेलं व्याज गटातच राहतं, त्यात तुमचाही वाटा आहे. (परवाना नसताना सावकारी करणं महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधक कार्यालयात करता येते.)

खासगी फायनान्सचं कर्ज फीसाठी काढू नका. ही एक गोष्ट मी ठासून सांगते. फीएवढी छोटी रक्कम ते देत नाहीत. चार हजारांच्या गरजेला तीस हजार गळ्यात पडतात, आणि उरलेल्या सव्वीस हजारांचं काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

इथे गटातल्या बाकीच्या तायांशी एक बोलायचंय. कर्ज मागणीच्या वेळी शेळीसाठी म्हटलं की सह्या पटापट होतात. मुलाच्या फीसाठी म्हटलं तरी होतात. आईच्या फीसाठी म्हटलं की बैठक गप्प होते. दशसूत्रीत सातवं सूत्र शिक्षणाचं आहे. ते फक्त मुलांचं, असं कुठे लिहिलंय? ज्या गटाची वसुली चांगली आहे, त्याने वर्षातून एका-दोघींच्या शिक्षणासाठी कर्ज देण्याचा ठराव घेऊन ठेवला तर ऐनवेळी कोणाला संकोच वाटणार नाही. परतफेडीत मात्र शिकणारीलाही सूट नको. तीच शिस्त, तोच दंड.

कुठे शिकायचं, कोणते कागद लागतात

घर आणि काम सांभाळून मराठीत शिकायचं तर आपल्याकडे पहिलं नाव यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं. १९८९ मध्ये नाशिकला सुरू झालं. अभ्यासकेंद्रं राज्यभर आहेत, बरीचशी तालुक्याच्या कॉलेजातच. रोज जावं लागत नाही, पुस्तकं घरी वाचायची, ठरलेल्या दिवशी संपर्कसत्र, स्वाध्याय आणि परीक्षा. इंग्रजी किंवा हिंदीतून चालत असेल तर इग्नू आहे. तिथे बी.ए. कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षांत पूर्ण करता येतं. बाळंतपण, आजारपण, दुष्काळ यांत एखादं वर्ष गेलं तरी सगळं वाया जात नाही. हे आपल्यासारख्यांना फार महत्त्वाचं आहे.

"मुक्तची डिग्री खरी असते का?" हा प्रश्न सासरे, दीर, शेजारी सगळे विचारतात. युजीसीची मान्यता असलेल्या मुक्त विद्यापीठाची मान्य अभ्यासक्रमातली पदवी नेहमीच्या कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. खोटी असते ती "एका वर्षात बी.ए., परीक्षा घरी" असं बोर्ड लावलेल्या दुकानातली. युजीसी बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करते. शंका आली तर मला विचारा, आपण मिळून बघू.

बारावी झालेली नसेल तर तिथून सुरुवात. दहावी-बारावी बाहेरून देण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म जवळच्या हायस्कूलमधून किंवा ज्युनिअर कॉलेजमधून भरता येतो. अंगणवाडी सेविकेसाठी आता बारावी लागते, एवढं एक कारणही पुरेसं आहे.

कागदांमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो तो नावात. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत आणखी तिसरंच स्पेलिंग. दोन्ही नावांचा मेळ घालायला विवाह नोंदणी दाखला लागतो. नोंदणी झालेली नसेल तर ग्रामपंचायतीत करून घ्या. काही ठिकाणी राजपत्रात नाव बदललेलं मागतात, त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. कोणत्या नावाने प्रवेश घ्यायचा हे अभ्यासकेंद्रात विचारून एकदाच पक्कं करा, कारण पदवीवर तेच नाव येणार. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या शाळेत असतो. दिवाळीला किंवा पंचमीला माहेरी जाल तेव्हा आठवणीने काढून आणा. नुसत्या दाखल्यासाठी वेगळी खेप परवडत नाही.

मुलींना मोफत उच्च शिक्षण मिळतं असं तुम्ही ऐकलं असेल. २०२४-२५ पासूनचा तो शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी आहे, त्यात प्रवर्गाच्या आणि उत्पन्नाच्या अटी आहेत. मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ची फी त्यात माफ होईल असं धरून चालू नका. जातीच्या प्रवर्गाप्रमाणे शिष्यवृत्ती लागू होते का, हे मात्र केंद्रात जरूर विचारा.

वेळ, आणि हात

वार का लिहायला सांगितला ते आता. परीक्षेचं वेळापत्रक आलं की पहिल्यांदा ते हप्त्याच्या तारखांशी लावून बघायचं. हप्ता मंगळवारी अकराला आणि पेपरही मंगळवारी अकराला, असं होतंच. त्या दिवशीचा हप्ता आदल्या दिवशी गटातल्या ताईकडे द्या आणि पावती तुमच्याच पासबुकावर घ्यायला सांगा. तसंच शेतीचं वेळापत्रक. सोयाबीन काढणी, कापूस वेचणी, तुमच्याकडे जे असेल ते कॅलेंडरवर लिहा. त्या पंधरवड्यात अभ्यास होणार नाही हे मान्य करून आधीच पुढे राहा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी तर प्रवेशाआधीच परीक्षेचे महिने विचारून घ्यावेत.

रोज दोन तास बसा, असं मी सांगणार नाही. कोणाला मिळतात दोन तास? पाऊण तास धरा, पण तो घरात जाहीर करा. मुलं अभ्यासाला बसतात तेव्हाच आपणही बसायचं, हे सगळ्यात सोपं पडतं. एका गावात मी बघितलं, आई इतिहासाचा धडा मोठ्याने वाचते आणि पाचवीतली मुलगी ऐकता ऐकता चित्र काढते. मुलीला किती समजतं कोण जाणे, पण दिवा बंद करायला कोणी सांगत नाही! बाळ अंगावर पिणारं असेल तर पाठाचं रेकॉर्डिंग मोबाईलवर करून ठेवा, कानाला लावून ऐका. पुस्तकांच्या पीडीएफही मोबाईलवर वाचता येतात.

नवऱ्याशी आणि सासूबाईंशी बोलताना "मला शिकायचंय" एवढ्यावर थांबू नका. वही दाखवा. फीचे पैसे कुठून येणार, परीक्षेच्या आठ दिवसांत धार कोण काढणार, मुलांना कोण बघणार, हे आधी लिहून न्या. विरोध बराचसा या कामांच्या काळजीपोटी असतो. काही घरांत तो तेवढ्यापुरता नसतो, हेही मला माहीत आहे. तिथे एकटीने लढू नका, ग्रामसंघाच्या दोघी-तिघी सोबत घ्या.

ही धडपड आपल्यापासून सुरू झालेली नाही. पार्वतीबाई आठवले लहान वयात विधवा झाल्या, पदरात एक मुलगा. लिहायला-वाचायला त्या त्यानंतर शिकल्या, पुढे महर्षी कर्व्यांच्या संस्थेचं काम केलं, आणि पन्नाशीच्या जवळ आल्यावर इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी काम करून त्यांनी पोट भरलं. हे साधारण १९१८ चं सांगतेय. आपल्याला तालुक्याला जायचंय.

शेवटी हाताचं. दहा-पंधरा वर्षांत सही सोडून काही लिहिलेलं नसतं. पेपरला उत्तर येत असतं, पण अर्ध्या तासात बोटं आखडतात आणि पेपर निम्मा कोरा राहतो. नापास होण्याचं हे कारण कोणी मोजत नाही. उपाय आपल्या गटातच आहे. ज्या ताईला फॉर्म भरायचाय तिने या महिन्यापासून बैठकीचं इतिवृत्त स्वतः लिहायला मागून घ्यावं, पूर्ण वाक्यांत, सुवाच्य. सचिव ताईंनी रजिस्टर तिच्या हातात द्यावं आणि शेजारी बसावं. घरी रोज एक पान, घड्याळ लावून.

पुढच्या बैठकीसाठी काम असं: वर सांगितलेल्या पाच रकान्यांचं कर्जाचं पान प्रत्येकीने भरून आणायचं, उधारीसकट. दाखवायचं नसेल तर दाखवू नका, फक्त बेरीज आणि उत्पन्नातला तिचा वाटा सांगा. ज्यांचा आकडा एक तृतीयांशाच्या आत आहे, त्यांनी बारावीचं मार्कशीट आणि आधार सोबत आणावं. दोन्हींवरचं नाव आपण तिथेच ताडून बघू.